पोराचं भाडं थकलं, बापाची पत जाते का?

मुलगा शहरात शिकायला राहिला, चार महिन्यांचं भाडं थकलं आणि मालकानं खोली रिकामी करून घेतली. आता सोसायटी नाहीतर बँक आपल्याला पीककर्ज देईल का, ही धास्ती घरात बसते.

मंडळी, बँक जो पतअहवाल पाहते, ज्याला गावात सगळे ‘सिबिल’ म्हणतात, त्यात कर्जाची आणि क्रेडिट कार्डाची परतफेड असते. खोलीचं थकलेलं भाडं त्यात एरवी येत नाही. शिवाय मुलाचा अहवाल मुलाचा, बापाचा बापाचा.

पाणी मुरतं ते दुसरीकडे. भाडं भागवायला पोरानं मोबाईलवरून कर्ज उचललं आणि हप्ते चुकले, की नोंद झालीच. त्या कर्जाला बाप जामीन असेल तर त्याच्याही अहवालात ते दिसतं. आपल्याकडे जामिनाची सही चहा पिता पिता होते! तडजोडीनं कमी रक्कम भरली तरी ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो. म्हणून जमेल तर पुरती बाकी फेडून बेबाकी दाखला घ्यावा.

पतमाहिती कंपन्या 4 आहेत. प्रत्येकीकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो. चुकीची नोंद दिसली तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढं दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.

आणि घरमालक? थकलेल्या भाड्यासाठी तो 3 वर्षांच्या आत दावा लावू शकतो. तेव्हा डिपॉझिटातून किती वळतं झालं ते विचारा, उरलेलं भरा आणि सहीची पावती कपाटात ठेवा.