मुलाचे वय आणि कचेरीची मुदत

दिव्यांगत्वाचा दाखला किती दिवसांत मिळावा, हे शासनाने ठरविले आहे. परंतु वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला नेमके कोणते शैक्षणिक साहाय्य हवे, याचा निर्णय किती दिवसांत व्हावा, याविषयी कायदा मौन पाळतो. यवतमाळसारख्या विस्तीर्ण जिल्ह्यात या मौनाचे मोल मुलांना आपल्या शालेय वर्षांनी चुकवावे लागते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी त्याने एकवीस प्रकार मान्य केले आणि वाचन, लेखन व गणित यांत अडथळा आणणाऱ्या अध्ययन अक्षमतेचाही त्यांत समावेश केला. शाळेत जाणाऱ्या मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करून त्यांच्या विशेष गरजा निश्चित कराव्यात, असे बंधन शासनाबरोबर स्थानिक संस्थांवरही त्याने घातले. मात्र पाहणीनंतर पहिलीत दाखल झालेले मूल पुढील पाहणीच्या वेळी प्राथमिक शिक्षणाचा पाया ओलांडून गेलेले असते. दाखल्यासाठी २०१७ च्या नियमांत एक महिन्याची मुदत होती. ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिन्यांची झाली.

शिवाय दाखला म्हणजे साहाय्य नव्हे. दाखला दिव्यांगत्वाची टक्केवारी सांगतो. मुलाला मोठ्या अक्षरांची पुस्तके हवीत, उत्तरपत्रिकेसाठी जादा वेळ हवा की विशेष शिक्षकाचे मार्गदर्शन हवे, हे त्यावरून कळत नाही. तो निर्णय शैक्षणिक मूल्यमापनाचा आहे, आणि नेमका तोच मुदतीविना राहिला आहे.

अध्ययन अक्षमतेबाबत ही उणीव अधिक जाचक ठरते. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार शिक्षकाने तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी प्राथमिक चाचपणी करावयाची असून, त्या वयापूर्वी दाखला मिळत नाही. दुसरीकडे, महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेत, पुनर्परीक्षेनंतरही अनुत्तीर्ण राहिलेल्या विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद केली. तिसरी ते पाचवी, एवढाच अवधी मुलाच्या हाती राहतो. त्यात तपासणी झाली नाही, तर ज्याला साहाय्य मिळायला हवे होते त्याच्या माथी नापासाचा शिक्का बसतो.

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. उमरखेडहून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरांहून दूर आहे. शेतमजुराला मुलासह तेथे जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, भाड्याचा खर्च होतो. तज्ज्ञ त्या दिवशी नसले की दोन्ही पुन्हा. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, विलंबाचा खर्च कचेरीच्या ताळेबंदात कोठेच दिसत नाही; तो सारा कुटुंबाच्या खात्यावर पडतो. ज्याच्यामुळे उशीर होतो त्याला जोपर्यंत काहीच तोशीस पडत नाही, तोपर्यंत उशीर घटण्याचे कारण नाही.

घाईने केलेली तपासणी चुकीची ठरेल, हा आक्षेप रास्त आहे. झरी जामणी, मारेगाव, केळापूर या भागांतील कोलामी वा गोंडी बोलणारे मूल, तसेच तांड्यावरचे बंजारा मूल, मराठी पुस्तकापुढे अडखळले म्हणून त्यास अक्षम ठरविणे हा अन्याय होईल. तथापि यावर उपाय दिरंगाई हा नव्हे. मुलाच्या घरच्या भाषेत त्याचे आकलन पाहणे हा उपाय आहे, आणि त्यालाही मुदत घालता येते.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यानंतरच्या व्यवस्थेत, मूल्यमापन करावयाचे की नाही हे स्थानिक प्राधिकरणाने सहा आठवड्यांत कळवावयाचे असते आणि संपूर्ण योजना वीस आठवड्यांत हाती द्यावयाची असते. तेथेही ही मुदत वारंवार चुकते. परंतु ती आहे म्हणूनच ती चुकल्याचे मोजता येते व पालकास जाब विचारता येतो.

महाराष्ट्रात त्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत न दिल्यास संबंधित अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. शैक्षणिक मूल्यमापन ही त्या यादीतील सेवा व्हावी. शिक्षकाच्या लेखी नोंदीनंतर तीस दिवसांत गट साधन केंद्राने मुलास पाहावे, नव्वद दिवसांत लेखी साहाय्य-योजना पालकांच्या हाती द्यावी आणि तज्ज्ञांनी ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी यावे. दाखला येईपर्यंत वर्गातील साहाय्य मात्र थांबू नये. पुढच्या बाकावर बसविण्यास वा तोंडी उत्तर घेण्यास कोणत्याही शिक्क्याची आवश्यकता नसते.

अर्थात, माणसे नसतील तर मुदत कागदावरच राहील. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर विशेष गरजांच्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण घालून दिले आणि मार्च २०२५ मध्ये ही पदे अधिसूचित करण्याचे आदेश राज्यांना दिले. ही पदे कायमस्वरूपी भरणे हा या मागणीचाच दुसरा भाग होय.

शेतसाऱ्याला मुदत आहे, पीककर्जाला मुदत आहे, परीक्षेच्या अर्जालाही मुदत आहे. नागरिकाने शासनाला द्यावयाच्या प्रत्येक गोष्टीला तारीख असताना, शासनाने मुलाला द्यावयाच्या गोष्टीलाच ती नसावी, हे न्यायाला धरून नाही.