बारा नावे आणि त्यांची कारणे

मा. अध्यक्ष, सरचिटणीस आणि निवड समितीचे सदस्य,
बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया यांस,



भारताचा संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेला निघाला की आपण बारा नावांची यादी जाहीर करता. त्या यादीला आणखी एक पान जोडा, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. संघ कोणत्या पद्धतीने खेळणार आहे, त्यासाठी कोणत्या जागेवर कसा खेळाडू हवा होता आणि निवडलेल्या प्रत्येकाने ती जागा कोणत्या खेळाच्या जोरावर मिळवली, हे त्या पानावर असावे. निवडीचे निकषही शिबिर सुरू होण्याआधीच सर्वांच्या हाती पडावेत.

मी पुण्यात शाळकरी मुलामुलींना बास्केटबॉल शिकवतो. पालक विचारतात, "सर, हिला भारताकडून खेळायचं असेल तर नेमकं काय करावं लागेल?" आधी शाळा, मग जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय स्पर्धा, या पायऱ्या मला सांगता येतात. त्यापुढे शिबिराला कोणाला बोलावतात आणि शिबिरातून बारा जण कसे ठरतात, याचे नेमके उत्तर माझ्याकडे नसते. चौदा वर्षांच्या मुलीला सांगता येईल असे उत्तर देशाच्या फेडरेशनकडे असलेच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आपण आशियातल्या चांगल्या संघांपासून फार लांब आहोत, असे मी मानत नाही. जुलै २०१४ मध्ये वुहानच्या आशिया कपमध्ये भारताने चीनला चीनच्याच भूमीवर ६५–५८ असे हरवले. ऑगस्ट २०२५ मध्ये जेद्दाहच्या आशिया कपमध्ये जॉर्डनसारख्या विश्वचषक खेळून आलेल्या संघाला आपण जादा वेळेपर्यंत झुंजवले आणि ८४–९१ असे हरलो. या दोन सामन्यांच्या मधल्या काळात २०२२ ची जकार्ता येथील स्पर्धाही आहे. तिथे न्यूझीलंडसमोर आपल्याला पन्नास गुणही करता आले नाहीत आणि गटातला एकही सामना जिंकता आला नाही. जेद्दाहमध्येही तो पहिला सामना निसटल्यावर विजय हाती लागला नाहीच.

एवढ्या चढउताराचे खापर एकट्या निवडीवर फोडणे अन्यायाचे होईल. वर्षभर चालणाऱ्या भक्कम लीगची उणीव आहे, इनडोअर कोर्ट कमी आहेत, परदेशी संघांशी सरावाचे सामने कमी होतात. पण बरोबरीत चाललेला सामना अखेरीस दोन-चार ताब्यांवर येऊन ठरतो. तेव्हा कोर्टवर कोण आहे आणि बाकावरून कोण उठते, हे महिनाभर आधी निवड समितीच्या खोलीत ठरलेले असते. लीग उभी करायला वर्षे लागतील आणि कोर्ट बांधायला पैसा लागेल. निवडीची पद्धत मात्र पुढच्या शिबिरापासून बदलता येईल.

आपल्याला आणखी एका कारणाने जास्त काळजी घ्यावी लागते. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या (फिबा) नियमानुसार, वयाच्या सोळाव्या वर्षानंतर नागरिकत्व मिळालेला एक खेळाडू प्रत्येक संघाला घेता येतो आणि आशियातल्या बहुतेक मोठ्या संघांनी ही मुभा वापरली आहे. फिलिपिन्सने जस्टिन ब्राउनलीला खास कायदा करून नागरिकत्व दिले आणि २०२३ मध्ये हांगझोऊला जॉर्डनला हरवून आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्ण जिंकले. त्या अंतिम सामन्यात जॉर्डनकडेही रोंडे हॉलिस-जेफरसन होता. चीनने त्याच वर्षी एनबीएतल्या काइल अँडरसनला आपला केला. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि भारतीय पासपोर्ट नसलेल्याला देशाकडून खेळता येत नाही. २०१५ मध्ये एनबीएत उतरलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू सिम भुल्लर कॅनडाचा नागरिक होता. आधीचे नागरिकत्व सोडून येणारे विरळा. पुणे एफसीकडून खेळलेल्या इझुमी अराताने फुटबॉलसाठी जपानचे नागरिकत्व सोडले होते. या धोरणावर वाद घालण्याची ही जागा नाही. मुद्दा एवढाच की आपला बारावा खेळाडूही इथल्याच मैदानांवरून यायचा आहे, म्हणून या मैदानांवरचा एकही चांगला खेळाडू नजरेतून सुटणे आपल्याला परवडणारे नाही.

तो कसा सुटतो, हे मी एका निवड चाचणीत पाहिले. चाचणी कोणती, हे सांगायचे कारण नाही, कारण देशभरातल्या कितीतरी चाचण्या अशाच होतात. साठेक मुली होत्या. एकमेकींना न ओळखणाऱ्या पाच-पाच जणींचे गट पाडले, छातीवर क्रमांक चिकटवले आणि दहा-दहा मिनिटांचे सामने लावले. टेबलामागे बसलेली मंडळी वहीत खुणा करत होती. पहिल्या दोन मिनिटांतच मुलींना खेळाचे गणित कळले. ज्या हातातून बास्केट होईल त्या हाताची नोंद होते, पास देणाऱ्या हाताची होत नाही. मग पास बंद झाले. चेंडू मिळाला की खाली मान, ड्रिबल आणि थेट रिंगकडे धाव.

माझ्याकडे शिकणारी एक गार्ड त्यात होती. पलीकडून येणारी स्क्रीन ती मोठ्याने ओरडून सांगत होती, कारण त्याशिवाय तिची साथीदार आंधळेपणाने धडकली असती. एकदा ती आपली खेळाडू सोडून मदतीला आत आली, दोन्ही पाय रोवून उभी राहिली आणि अंगावर आलेल्या मुलीचा चार्ज घेतला. तो ऑफेन्सिव्ह फाउल होता आणि चेंडू तिच्या गटाकडे आला. लगेच पुढच्या ताब्यात तिने उंच सेंटरला मागे रेटून बॉक्स आउट केले आणि रिबाउंड दुसरीच्या हातात अलगद पडला. दहा मिनिटांत तिने स्वतः दोनच गुण केले. संध्याकाळी यादीत तिचा क्रमांक नव्हता. परतताना तिने विचारले, "सर, मी काय कमी केलं?"

तिची निवड व्हायलाच हवी होती, असा माझा दावा नाही. तिच्याहून सरस मुली तिथे असतीलही. पण तिने केलेली तीन कामे कोणी पाहिली का, कुठे नोंदवली का, हे तिला किंवा मला कळायला काहीच मार्ग नव्हता. आंतरराष्ट्रीय सामन्यात आपण मागे पडतो ते नेमक्या याच कामांत. प्रतिस्पर्ध्याला दुसरा रिबाउंड मिळतो, बचावात मदतीला जाणारा अर्धा क्षण उशिरा पोचतो, दडपणाखाली चेंडू हातचा जातो. जी चाचणी या गोष्टी मोजत नाही, ती खेळाडूंना या गोष्टी सोडून द्यायला शिकवते. ही शिकवण शाळेपासून भारताच्या शिबिरापर्यंत झिरपत जाते.

उंचीचेही तसेच आहे. बास्केटबॉलमध्ये उंची हवीच, त्यात वाद नाही. पंजाबातल्या बल्लो के या छोट्या गावातला सतनाम सिंग लुधियानाच्या अकादमीत पोचला, तिथून अमेरिकेत गेला आणि २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवड झालेला तो पहिला भारतीय. प्रशिक्षक एस. सुब्रमणियन यांनी त्या अकादमीत घडवलेली मुले आज देशाला माहीत आहेत. उंच मुलगा हेरायला आपण शिकलो आहोत. खेळ वाचणारा मुलगा हेरायची तशी पद्धत मात्र आपण अजून बसवलेली नाही.

जपानच्या महिला संघाने ती बसवली. टोकियो ऑलिंपिकला त्यांची सर्वात उंच, १९३ सेंटिमीटरची रामू तोकाशिकी दुखापतीमुळे नव्हती. प्रशिक्षक टॉम होवास यांनी संघाची खेळण्याची पद्धत आधी ठरवली. सतत धावायचे, कोर्ट पसरायचे, तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारायचे. मग ज्यांना तसे खेळता येते अशा बारा जणी निवडल्या. उंचीने कमी असलेल्या त्या संघाने बेल्जियमला एका गुणाने हरवून उपांत्य फेरी गाठली आणि अखेर अमेरिकेसमोर ७५–९० असे हरून रौप्यपदक घरी नेले. आपल्याकडे नागपाड्याच्या गल्ल्यांतून अब्बास मुंतसीर भारताचा कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचा मानकरी झाला. त्या मोहल्ल्याची ओळखही उंचीपेक्षा चपळ हात आणि तल्लख डोके हीच होती.

आता पाहायचे कुठे, हा प्रश्न. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वे आणि सेनादलासारख्या संस्था राज्यांच्या बरोबरीने उतरतात. रेल्वेने या खेळावर, विशेषतः मुलींवर, फार मोठे उपकार केले आहेत. दक्षिण रेल्वेत नोकरी करत अनिता पॉलदुराई वर्षानुवर्षे भारताकडून खेळली आणि २०२१ मध्ये पद्मश्रीची मानकरी झाली. पण याची दुसरी बाजू अशी की नोकरीच्या ओढीने चांगले खेळाडू मोजक्या संघांत एकवटतात आणि निवड समितीची नजरही तिथेच खिळते. ज्याचे राज्य पहिल्या दोन दिवसांत बाद होते, त्या खेळाडूचे दोन-तीन सामने बाजूच्या कोर्टवर, रिकाम्या गॅलरीसमोर उरकतात. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, याचा आम्हाला अभिमान आहे. तिच्यासारखीच ताकद असलेली मुलगी उद्या एखाद्या दुबळ्या राज्याच्या संघात असेल, तर ती आपल्याला दिसेल का?

निवडीची पद्धत बदलल्याने किती फरक पडतो, याचे सर्वात मोठे उदाहरण ज्यांच्याकडे खेळाडूंचा तोटा कधीच नव्हता त्यांचे आहे. २००४ मध्ये अथेन्सला अमेरिकेचा संघ पहिल्याच सामन्यात प्युर्तो रिकोकडून ७३–९२ असा हरला आणि शेवटी ब्राँझपदकावर थांबला. मोठी नावे होती, पण संघ घाईने जुळवलेला होता. २००५ मध्ये त्यांनी समितीने निवड करण्याची पद्धत मोडली आणि जेरी कोलांजेलो यांच्याकडे सूत्रे दिली. त्यांनी खेळाडूंकडून तीन वर्षांची बांधिलकी मागितली आणि प्रत्येकाच्या भूमिकेचा विचार करून संघ बांधला. तेशॉन प्रिन्ससारखा बचाव करणारा, मायकेल रेडसारखा लांबून मारणारा, जेसन किडसारखा अनुभवी गार्ड घेतला. २००६ च्या जागतिक स्पर्धेत ग्रीसकडून हरल्यावरही त्यांनी घडी मोडली नाही. २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्णपदक आले. अमेरिकेचे खेळाडू आपल्याला आणता येणार नाहीत, पण दूरचा विचार करून संघ बांधण्याची शिस्त आणता येईल.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली, मुख्य प्रशिक्षकाने दोन वर्षांसाठी संघाची खेळण्याची पद्धत लिहून द्यावी आणि त्यावरून प्रत्येक जागेचे निकष ठरवून ते मराठी, तमिळ, पंजाबी, हिंदी अशा भाषांत प्रत्येक राज्य संघटनेपर्यंत पोचवावेत.

दुसरी, राष्ट्रीय स्पर्धांतल्या प्रत्येक सामन्याचे चित्रण आणि पूर्ण आकडेवारी खुली करावी. गुणांसोबत असिस्ट, टर्नओव्हर, चार्ज आणि दोन्ही बाजूंचे रिबाउंड त्यात असावेत. खालच्या गटातले, कुमार गटातले आणि विद्यापीठांचे सामने पाहायला माणसे नेमावीत.

तिसरी, शिबिरात तीन-चार दिवसांच्या सामन्यांवर निकाल लावू नये. दोन वर्षांसाठी चोवीस-तीस जणांचा गट बांधावा आणि त्यात कोण येतो, कोण बाहेर जातो, हे दर सहा महिन्यांनी जाहीर करावे.

चौथी, शिबिरातून परत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती एक पत्र द्यावे. कुठे कमी पडलात आणि काय सुधारलेत तर पुन्हा बोलावू, हे त्यात असावे. हे पत्र खासगी असू द्या.

पाचवी, ज्या सदस्याच्या राज्याचा, संस्थेचा किंवा नात्यातला खेळाडू चर्चेत आहे, त्याने त्या नावापुरते बाहेर बसावे आणि तशी नोंद व्हावी.

यावर आपण म्हणाल की असे केल्याने प्रशिक्षकाचे हात बांधले जातील. मला उलट वाटते. निकष त्यानेच ठरवलेले असतील, तर बाहेरून फोन आल्यावर त्याला कागदाकडे बोट दाखवता येईल. आपली पद्धत प्रतिस्पर्ध्याला कळेल, हीही शंका येईल. पण आज आशियातला प्रत्येक संघ आपले जुने सामने पाहूनच मैदानात उतरतो, त्याच्यापासून लपवण्यासारखे फारसे उरलेले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला आणि त्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली. ही सोय चांगलीच आहे. पण आपल्याला का वगळले, एवढे समजून घ्यायला खेळाडूला वकील करावा लागला, तर त्यात फेडरेशनचा आणि खेळाचा, दोघांचाही पराभव आहे.

या खेळात भारत १९८० मध्ये मॉस्कोला एकदाच ऑलिंपिक खेळला, तेही बहिष्कारामुळे जागा रिकाम्या झाल्या म्हणून. पुढच्या वेळी आपल्याला स्वतःच्या हिमतीवर जायचे आहे. त्याची सुरुवात पुढच्या शिबिराआधी जाहीर होणाऱ्या निकषांच्या एका पानाने करा. ते पान आले की मी ते आमच्या कोर्टच्या फलकावर लावीन आणि विचारायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला, प्रत्येक पालकाला तिथे नेऊन दाखवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पुण्यातील एक बास्केटबॉल प्रशिक्षक