नोंद काढण्याचे शास्त्र

माहितीचा संग्रह करणे ही मनुष्याची जुनी सवय आहे. परंतु संग्रहातील जी नोंद हवी ती हव्या त्या क्षणी हाती यावी, ही गोष्ट केवळ संग्रह केल्याने साध्य होत नाही. त्यासाठी नोंदींची काही व्यवस्था लावावी लागते आणि नोंदी येत-जात असतानाही ती व्यवस्था टिकवावी लागते. संगणकशास्त्रात ह्या कामासाठी जी साधने निर्माण झाली त्यांत संतुलित शोधवृक्षाचे स्थान फार वरचे आहे. ह्या वृक्षात नोंद घालण्याची रीत विद्यार्थ्यांना मोठ्या आस्थेने शिकविली जाते. नोंद काढण्याची रीत मात्र पुष्कळदा स्वाध्यायासाठी सोडून दिली जाते. ही उपेक्षा निरुपद्रवी नाही, असे ह्या शास्त्राचा इतिहासच सांगतो.

प्रथम शोधवृक्ष म्हणजे काय ते पाहणे इष्ट होईल. ज्या क्रमांकावरून किंवा नावावरून नोंद ओळखली जाते त्यास तिची किल्ली म्हणतात. शोधवृक्षाच्या प्रत्येक स्थानी एक किल्ली असते. तिच्याहून लहान किल्ल्या डाव्या फांदीवर व मोठ्या किल्ल्या उजव्या फांदीवर असतात. शोध मुळापासून सुरू होतो आणि प्रत्येक तुलनेनंतर एक फांदी विचारातून वगळली जाते. वृक्ष चांगला भरलेला असेल तर दहा लाख किल्ल्या अवघ्या २० पातळ्यांत मावतात आणि कोणतीही किल्ली वीस तुलनांत सापडते. परंतु ह्याच किल्ल्या चढत्या क्रमाने आल्या तर प्रत्येक नवी किल्ली उजवीकडेच जाते. मग वृक्षाचा वृक्ष राहत नाही, त्याची साखळी होते, आणि शेवटच्या किल्लीसाठी दहा लाख तुलना कराव्या लागतात.

ह्या दोषावर पहिला समर्थ उपाय १९६२ साली गेओर्गी अदेल्सन-वेल्स्की आणि येवगेनी लांदिस ह्या दोन सोव्हिएट गणितज्ञांनी सांगितला. त्यांचा नियम साधा होता : कोणत्याही स्थानी डाव्या व उजव्या फांद्यांच्या उंचीत एकाहून अधिक अंतर पडता कामा नये. हा नियम पाळला तर दहा लाख किल्ल्यांचा वृक्ष कितीही प्रतिकूल परिस्थितीत २८ पातळ्यांपलीकडे वाढत नाही.

नियम मोडला की तो घूर्णनाने पूर्ववत करावयाचा असतो. समजा, १०, २० व ३० ह्या किल्ल्या ह्याच क्रमाने आल्या. दहाच्या उजवीकडे वीस आणि विसाच्या उजवीकडे तीस अशी उतरती ओळ होते. तेव्हा विसास वर उचलून दहास त्याच्या डाव्या बाजूस आणले की समतोल साधतो. लहान-मोठेपणाचा क्रमही बिघडत नाही. किल्ल्या १०, ३०, २० अशा आल्या तर एका घूर्णनाने भागत नाही. प्रथम वीस व तीस ह्यांची अदलाबदल करून ओळ सरळ करावी लागते आणि मग दुसरे घूर्णन करावे लागते. ह्या जोडीस दुहेरी घूर्णन म्हणतात.

नवी किल्ली घालताना असे एकच घूर्णन, साधे किंवा दुहेरी, नेहमी पुरेसे होते. ह्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. भर घातल्याने फांदीची उंची एकाने वाढलेली असते. घूर्णनाने ती पुन्हा पूर्वीइतकी होते. त्यामुळे वरच्या स्थानांना काही घडल्याची वार्ताही लागत नाही.

किल्ली काढताना ही सुखद स्थिती राहत नाही. टोकाची किल्ली असेल तर ती सरळ काढता येते. एकच फांदी असेल तर ती फांदी वर ओढून घेता येते. परंतु दोन्ही फांद्या असतील तर त्या किल्लीच्या जागी तिच्या लगतची मोठी किल्ली, म्हणजे उजव्या फांदीतील सर्वांत लहान किल्ली, आणून बसवावी लागते. येथे एक ठिकाण नीट ओळखले पाहिजे. किल्ली वरून गेलेली दिसली तरी जागा खाली रिकामी झालेली असते, आणि समतोलाची तपासणी त्या खालच्या जागेपासून सुरू करावयाची असते. नवशिक्याच्या हातून अनेकदा नेमकी येथेच चूक होते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. लोपानंतर केलेले घूर्णन समतोल साधते खरे, परंतु त्यामुळे ती फांदी पूर्वीपेक्षा एका पातळीने ठेंगणी होऊ शकते. मग वरच्या स्थानी नवी तूट निर्माण होते व तेथेही घूर्णन करावे लागते. बारा किल्ल्यांचा पाच पातळ्यांचा वृक्ष घ्यावा. नियम पाळून ह्या उंचीचा ह्याहून विरळ वृक्ष होत नाही. त्याच्या ठेंगण्या बाजूचे सर्वांत वरचे टोक काढले की आधी त्या फांदीत आणि नंतर मुळाशी अशी दोन घूर्णने लागतात. मोठ्या वृक्षात ही परंपरा टोकापासून मुळापर्यंत जाऊ शकते. मूळ निबंधात भर घालण्याची रीत होती. लोपाची रीत तीन वर्षांनी, १९६५ साली, कॅक्स्टन फॉस्टर ह्यांच्या अभ्यासात आली. शास्त्रानेही आधी ठेवणे शिकले आणि मागाहून काढणे शिकले, असे म्हणावयास हरकत नाही.

लोपाचे परिणाम किती फसवे असतात, ह्याचा आणखी बोलका पुरावा साध्या, असंतुलित वृक्षांच्या अभ्यासातून मिळतो. लगतची मोठी किल्ली आणून बसविण्याची वर सांगितलेली रीत टॉमस हिबर्ड ह्यांनी १९६२ सालीच मांडली होती. यदृच्छेने वाढलेल्या वृक्षातून यदृच्छेने एक किल्ली काढली तर उरलेला वृक्षही तितकाच यादृच्छिक राहतो, हे त्यांनी सिद्ध केले. सिद्धता निर्दोष होती. तिच्यावरून लोक मात्र असे समजून चालले की कितीही भर घातली व कितीही लोप केले तरी वृक्ष बिघडणार नाही. १९७५ साली गॅरी नॉट ह्यांनी दाखविले की हा समज चुकीचा आहे : लोपानंतर पुन्हा भर घातली की यादृच्छिकता टिकत नाही. १९७८ साली योनासेन व नूथ ह्यांनी जेमतेम तीन किल्ल्यांच्या वृक्षाचा हिशेब मांडला, तेव्हा त्यालाही अवघड गणित लागले. १९८३ साली जेफ्री एपिंगर ह्यांच्या प्रयोगांत दिसून आले की भर व लोप दीर्घकाळ चालू राहिले की वृक्ष एका बाजूस झुकतो. आणि १९८५ साली जोसेफ कल्बरसन ह्यांनी अशा वृक्षातील शोधाचे अंतर किल्ल्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढू शकते, हे गणिताने स्थापित केले. बदली किल्ली नेहमी उजव्या फांदीतूनच उचलली जात असल्याने उजवी बाजू कणाकणाने झिजत होती. एकेका लोपात ही झीज दिसण्याजोगी नव्हती. लक्षावधी लोपांनंतर ती दिसली.

ह्या विवेचनावर कोणी म्हणेल की हा सारा पंडितांचा खेळ आहे. तसे नाही. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या अध्यापनात एका दूरध्वनी कंपनीची हकीकत सांगितली जाते. ग्राहकांची माहिती ठेवण्यासाठी तिने दुसऱ्या एका व्यवसायसंस्थेकडून यंत्रणा करवून घेतली. शोध व भर ह्यांसाठी तीत तांबडा-काळा वृक्ष हा संतुलित प्रकार वापरला होता. लोप मात्र समतोलाची पर्वा न करणाऱ्या हिबर्ड रीतीने होत असे. उंचीची मर्यादा ८० पातळ्यांची ठेवली होती. नियम नीट पाळला असता तर एवढ्या उंचीत २ चा ४० वा घात, म्हणजे दहा खर्वांहून अधिक, किल्ल्या मावल्या असत्या. प्रत्यक्षात मर्यादा ओलांडली गेली, सेवा दीर्घकाळ बंद पडली आणि प्रकरण न्यायालयात गेले. वृक्ष वाढविताना पाळलेली शिस्त छाटताना सोडली, एवढाच काय तो अपराध होता.

प्रतिपक्षाचे म्हणणेही न्यायाने ऐकले पाहिजे. लोपानंतर समतोल साधण्याची खटपट प्रत्येक वेळी आवश्यकच असते असे नाही. २०१० साली सिद्धार्थ सेन व रॉबर्ट टार्जन ह्यांनी अशी रचना दाखविली की जीत लोपानंतर घूर्णन करावे लागत नाही, आणि तरीही उंची आजवर घातलेल्या किल्ल्यांच्या संख्येच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणातच राहते. परंतु त्यासाठी प्रत्येक स्थानी समतोलाची अधिक माहिती बाळगावी लागते. शिवाय किल्ल्या फार कमी झाल्या तर वृक्ष मधूनमधून नव्याने बांधावा लागतो. येथे लोपाची उपेक्षा झालेली नाही. किंबहुना, त्याचा इतका सूक्ष्म विचार झाला आहे की कोणते काम टाळता येईल हे सिद्धतेनिशी सांगता आले. विचारपूर्वक टाळणे आणि आळसाने सोडणे ह्यांत जे अंतर आहे तेच ह्या संशोधनात व त्या दूरध्वनी यंत्रणेत आहे.

आज काढण्याची क्रिया घालण्याइतकीच वारंवार घडते. लिनक्स ह्या कार्यप्रणालीच्या गाभ्यात २००७ सालापासून, प्रक्रियकाची वाट पाहणारी कामे तांबड्या-काळ्या वृक्षात ठेवली जातात. पाळी आलेले काम वृक्षातून निघते आणि पाळी संपली की परत येते. अशा ठिकाणी लोप हा अपवाद मानणे म्हणजे श्वास सोडणे हा श्वास घेण्याचा अपवाद मानण्यासारखे आहे.

म्हणून देशातील महाविद्यालयांनी अभ्यासक्रमात लोपाला त्याचे योग्य स्थान द्यावे. विद्यार्थ्याने लोपाची प्रत्येक शक्यता कागदावर आखून पाहावी. बारा किल्ल्यांच्या वृक्षातील दोन घूर्णने स्वतःच्या हाताने करावीत. प्रत्येक लोपानंतर संपूर्ण वृक्ष नियमात आहे की नाही हे यंत्राकडून तपासून घ्यावे. आणि भर व लोप ह्यांचे मिश्रण थोडा वेळ नव्हे, तर दीर्घकाळ चालवून पाहावे. कारण ह्या विषयातील दोष पहिल्या दिवशी दिसत नाहीत. संग्रहाची व्यवस्था किती चांगली आहे ह्याची खरी परीक्षा तो भरताना होत नाही. त्यातील एखादी नोंद निघून गेल्यावर उरलेल्या नोंदी पूर्वीइतक्याच सुलभतेने सापडतात की नाही, ह्यावरून ती होते.