स्नोर्लॅक्स कोण घेणार?

कल्याणहून सकाळच्या लोकलने कॉलेजला जात असाल, तर हे पटकन कळेल. ग्रुपमधला एक दांडगा मित्र दारात पाय रोवून उभा राहतो, म्हणून बाकीचे चौघे आत शिरतात. पोकेमॉन युनाइटमध्ये हे काम स्नोर्लॅक्सचं. पाच विरुद्ध पाच, दहा मिनिटांची मॅच. आणि लॉबीत बघावं, तर सगळ्यांना अटॅकरच हवा!

टाइमपास होता तोवर चालून गेलं. पण 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. 2026 च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धेच्या यादीत युनाइटही आहे. आता टीम बांधताना डिफेंडर शोधावाच लागणार.

नुसता मार खायचा नसतो, बरं का. 'ब्लॉक'ने समोरच्यांना ढकलून वाट अडवायची, किंवा 'यॉन'ने त्यांना झोपवायचं. दोन्ही एकदम मिळत नाहीत. अनोळखी टीम असेल तर माझं मत ब्लॉकला. युनाइट मूव्हमध्ये तर हा गडी चक्क झोपतो, झोपेतच तब्येत सुधारतो आणि जवळ येणाऱ्याला फटकेही देतो! शेवटच्या दोन मिनिटांत गोलचे गुण दुप्पट होतात. तेव्हा तुमचा अटॅकर दोन सेकंद जास्त टिकला, तरी मॅच फिरते.

रँक्डमध्ये उतरण्याआधी दहा मॅच स्नोर्लॅक्सने खेळून बघा. स्वतःचे किल्स मोजू नका. तुमच्या मागचा अटॅकर किती वेळा मेला, ते मोजा.