मोबाईल म्हणजे पत्र्याची पेटी नव्हे!



बीड जिल्ह्यात गायरानाचं काम करताना आम्ही एक गोष्ट वारंवार पाहतो. कसणाऱ्याचा हक्क घामावर ठरत नाही, पुराव्यावर ठरतो. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. पण लाभ हवा तर दंडाची पावती, पंचनामा, गाव नमुना १-ई ची नोंद दाखवावी लागते. ॲड. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने हा लढा मराठवाड्यात गावोगाव नेला. लिहिता-वाचता न येणाऱ्या आमच्या आयांनी त्या पावत्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत जपल्या. आणि आपण शिकलेली पोरं? फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो, झालं!

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका कार्यकर्त्याचा मोबाईल पाण्यात पडला. पाच वर्षांचे फोटो, मोर्च्यांचे व्हिडिओ, पीडित कुटुंबांचं म्हणणं, सगळं गेलं. दुसरी प्रत नव्हती. दोष मोबाईलचा नाही, आमचा होता.

काही मित्र म्हणतात, "सगळं गूगलवर असतं." गूगलची फुकट जागा १५ जीबी. दोन वर्षं खातं वापरलं नाही तर ते पुसलं जाऊ शकतं. ऊसतोडीला गेलेल्या माणसाचा नंबर बंद पडला की ओटीपी कुठे येणार? दुसऱ्याच्या वाड्यात ठेवलेलं धान्य आपलं कसं म्हणायचं?

अत्याचाराच्या केसमध्ये तर जास्तच जपावं लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू द्यावी लागते. व्हॉट्सॲपवरून पुढे गेलेला व्हिडिओ दाबला जातो, ती मूळ फाईल राहत नाही. म्हणून ज्या मोबाईलवर चित्रण झालं तो विकू नका, मूळ फाईल कापू-जोडू नका.

करायचं काय? प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती. एक कॉम्प्युटरवर, दुसरी घरातल्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावातल्या भरवशाच्या साथीकडे. पेनड्राईव्हच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. फाईलला तारीख, गाव, विषय असं नाव द्या. पीडितांची माहिती पासवर्डशिवाय ठेवू नका. ती विहाराच्या सामायिक कॉम्प्युटरवर तर नकोच. मूळ कागद फेकू नका. दर १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला डिस्क उघडून फाईली चालतात का ते बघा.

पैसे नाहीत म्हणू नका. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या खर्चात वस्तीची हार्ड डिस्क येते.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांचं लेखन प्रकाशित करण्यासाठी शासनाची समिती १९७६ साली झाली, पहिला खंड १९७९ ला निघाला. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. तरी 'क्रांती आणि प्रतिक्रांती' आपल्या हाती अपुराच आला. एवढ्या मोठ्या माणसाच्या कागदांची ही गत, तर आपल्या वस्तीचा इतिहास दुसरं कोण सांभाळणार?

आपला पुरावा आपणच जपला पाहिजे. आजपासून.

जय भीम! जय संविधान!