अंतर तेच, वेळ वेगळा

संपादक यांस,

दोन विमानतळांमधील अंतराला विमानाच्या वेगाने भागले की प्रवासाचा वेळ मिळतो आणि त्याहून अधिक लागलेला वेळ हा विमानकंपनीचा हलगर्जीपणा ठरतो, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे बृहद्वृत्तावरील, म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या वाटेचे, अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६मध्ये ही सेवा अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेली, तेव्हा सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे आधीच्या वाटेहून हजारावर किलोमीटर लांबचा पल्ला साडेचौदा तासांच्या आसपास पार पडला आणि पूर्वीपेक्षा वेळ कमीच लागला.

याचे श्रेय थेट पृथ्वीच्या परिवलनाला देणे चुकीचे आहे, कारण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरत असते. खरे कारण जेट स्ट्रीम, म्हणजे साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा. विमानाचा हवेच्या सापेक्ष वेग कायम असला, तरी जमिनीच्या सापेक्ष वेगात पाठीमागच्या वाऱ्याचा वेग मिळवला जातो आणि समोरच्या वाऱ्याचा वजा होतो; मुंबईहून लंडनला जाताना परतीपेक्षा जास्त वेळ लागतो तो मुख्यतः यामुळेच.

शिवाय वेळापत्रकातील तासांत धावपट्टीपर्यंत जाण्याचा व उतरल्यावर थांब्यापर्यंत पोहोचण्याचा वेळही धरलेला असतो, याची दखल मूळ पत्रात घेतलेली दिसत नाही.

एक वाचक