लॉजिस्टिक पार्क आणि स्थानिक मनुष्यबळ : रायपूरच्या निमित्ताने

उद्योगासाठी कर्ज मागणाऱ्या प्रकल्प अहवालात जमीन, इमारत, यंत्रसामग्री, वीज, पाणी आणि बाजारपेठ यांवर पानेच्या पाने खर्ची पडलेली असतात. मनुष्यबळाच्या रकान्यात मात्र बहुधा एकच वाक्य आढळते : ‘परिसरात मजूर मुबलक प्रमाणात उपलब्ध आहेत.’ प्रकल्प पूर्ण होतो, फीत कापली जाते आणि सहा महिन्यांनी तक्रार सुरू होते की माणसे टिकत नाहीत, मिळतात त्यांना काम येत नाही आणि काम येणारी माणसे बाहेरून आणावी लागतात. त्याच वेळी शेजारच्या गावातील तरुण विचारत असतो, की जमीन आमची गेली, मग काम दुसऱ्याला का? या दोन तक्रारींचे मूळ पुष्कळदा त्या एका वाक्यात असते. मालवाहतूक व साठवणूक या क्षेत्रात वेगाने पुढे येणारे रायपूर शहर या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

रायपूरचे स्थान

१८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने नागपूर आणि छत्तीसगड यांना एका सूत्रात बांधले. आज मुंबई-हावडा हा मुख्य लोहमार्ग आणि सुरत-पारादीप हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ असे दोन्ही मार्ग रायपूरवरून जातात. विशाखापट्टणम बंदराकडे जाणाऱ्या सहापदरी मार्गामुळे पूर्व किनारा अधिक जवळ येत आहे. उरला व सिलतरा येथील पोलाद उद्योग, शेजारचा भिलाई कारखाना आणि चहूकडचा धान यांमुळे मालाचीही वाण नाही. भारतमाला योजनेतील ३५ बहुविध लॉजिस्टिक पार्कांच्या यादीत नागपूरबरोबर रायपूरचे नाव आहे. कंटेनर कॉर्पोरेशनचे केंद्र नवा रायपूर परिसरात उभे राहिले असून राज्य शासनाने २०२५ मध्ये स्वतंत्र लॉजिस्टिक धोरणही मंजूर केले.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्याराज्यांत लहान गोदामे ठेवण्याची गरज कमी झाली. मोक्याच्या जागी एकच मोठे गोदाम ठेवणे किफायतशीर ठरू लागले. देशाच्या मध्यभागी असलेल्या नागपूर-रायपूर पट्ट्याला याचा लाभ होणे स्वाभाविक आहे. परंतु मोठ्या गोदामाला मोक्याची जागा जितकी आवश्यक, तितकीच वेळेवर येणारी आणि काम जाणणारी माणसेही आवश्यक असतात.

आकड्यांचा भ्रम

मनुष्यबळाचा अंदाज घेणारा सल्लागार प्रथम जनगणनेचा आधार घेतो. २०११ च्या जनगणनेत रायपूर जिल्ह्याची लोकसंख्या ४० लाख ६३ हजारांहून अधिक नोंदली गेली. हा आकडा अहवालात भारदस्त दिसतो. तथापि जानेवारी २०१२ मध्ये याच जिल्ह्यातून बलौदाबाजार आणि गरियाबंद हे दोन जिल्हे वेगळे झाले, हे ध्यानात घेतले जात नाही. त्या दोन जिल्ह्यांचा भाग वजा केल्यास सध्याच्या रायपूर जिल्ह्याच्या वाट्याला २०११ ची सुमारे साडेएकवीस लाख लोकसंख्या येते. म्हणजे पहिल्याच पायरीवर अंदाज जवळजवळ दुप्पट होतो, आणि मूळ आकडेवारी दीड दशक जुनी आहे ती वेगळीच.

शिवाय डोकी मोजणे म्हणजे मनुष्यबळ मोजणे नव्हे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, नियोजित पार्कपासून पंधरा किलोमीटरच्या आत अठरा ते पंचेचाळीस या वयोगटातील २०,००० माणसे राहतात. त्यांपैकी ९,००० जणांना शेती, दुकान, कारखाना किंवा नोकरीत स्थिर काम आहे. शिक्षण घेणारे आणि घर सांभाळणारे, म्हणजे काम न शोधणारे, ५,००० आहेत. उरले ६,०००. गोदामात आता खोक्यावरील अंक वाचावे लागतात, स्कॅनर चालवावा लागतो. ते करू शकणारे त्यांतील निम्मे धरले तर ३,००० राहतात. फिरत्या पाळीत, देऊ केलेल्या पगारावर, रोज पंधरा किलोमीटर ये-जा करण्यास तयार असणारे त्यांतील एकतृतीयांश मानले तर हाती येतात अवघे १,०००. एकाच पार्कमध्ये चार-पाच मोठी गोदामे आली तर हीच माणसे सर्वांना हवी असणार. २०,००० चे १,००० होणे हा निराशेचा विषय नाही. तो नियोजनाचा विषय आहे. कारण या उतरंडीतील शेवटच्या दोन पायऱ्या, म्हणजे कौशल्य आणि वाहतूक, प्रयत्नाने बदलता येतात.

ऋतूंचे गणित

छत्तीसगडला धानाचे कोठार म्हणतात. राज्य शासनाने २०२४-२५ च्या हंगामात सुमारे १४९ लाख टन धान आधारभूत योजनेखाली खरेदी केला. एवढे पीक कापायचे, मळायचे आणि खरेदी केंद्रावर पोहोचवायचे म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत गावातील प्रत्येक हाताला काम असते. दुसरीकडे नवरात्र-दिवाळीची खरेदी हा गोदामांचा सर्वाधिक धावपळीचा काळ. दोन्ही हंगाम एकमेकांवर येतात. याउलट धान संपल्यावर राज्याच्या मैदानी जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्या आणि बांधकामे यांच्या शोधात परराज्यांत जातात. नागपूरकरांना छत्तीसगडी मजुरांची ही ये-जा नवीन नाही.

म्हणून जून महिन्यात केलेली पाहणी आणि फेब्रुवारीत केलेली पाहणी यांतून दोन वेगळी चित्रे दिसतील. सणांचेही तसेच. पोळा विदर्भासारखाच छत्तीसगडातही साजरा होतो आणि त्यानंतर येणाऱ्या तीजेला विवाहित स्त्रिया, वृद्ध स्त्रियांसुद्धा, आवर्जून माहेरी जातात. हे ज्ञात असलेला व्यवस्थापक आठवडाभर आधी पाळ्यांची फेररचना करतो. ज्ञात नसलेला ‘येथील लोक कामचुकार आहेत’ असा शेरा मारतो. ऋतुमान समजून घेण्यासाठी मोठ्या संशोधनाचीही गरज नाही. रोजगार हमीच्या कामांना कोणत्या महिन्यात किती मागणी होती याची ग्रामपंचायतीतील जुनी नोंद पाहिली, तरी गावातील रिकामे हात केव्हा वाढतात हे कळते.

हमालीकडून यंत्राकडे

रायपूरमध्ये ज्या चौकांत सकाळी मजूर कामाच्या प्रतीक्षेत उभे राहतात त्यांना ‘चावडी’ म्हणतात. चावडीवर येणाऱ्या स्त्री-पुरुषांजवळ कष्टाची तयारी असते. ओझे कसे उचलावे, थप्पी कशी लावावी याचे अनुभवसिद्ध ज्ञान असते. आधुनिक गोदामाला त्याबरोबर आणखी काही हवे असते. पॅलेटवर माल रचणे, फोर्कलिफ्ट चालवणे, साठ्याची संगणकीय नोंद ठेवणे, ई-वे बिल तयार करणे आणि कंटेनरची कागदपत्रे तपासणे ही कामे कोणी जन्मतः शिकून येत नाही. परंतु त्यांतील बरीचशी काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या प्रशिक्षणाने शिकवता येतात.

या बाबतीत छत्तीसगडची पार्श्वभूमी दुर्लक्षिण्याजोगी नाही. तरुणांना कौशल्य प्रशिक्षणाचा कायदेशीर हक्क देणारा कायदा या राज्याने २०१३ मध्ये केला. दंतेवाड्यात सुरू झालेले ‘लाइव्हलीहूड कॉलेज’ पुढे इतर जिल्ह्यांतही पोहोचले. व्यवस्था आहे, उणीव आहे ती वेळेच्या मेळाची. गोदाम उभे राहण्यास दीड-दोन वर्षे लागतात. प्रशिक्षण मात्र उद्घाटनानंतर आठवते. भूमिपूजन आणि प्रशिक्षणाचा पहिला वर्ग एकाच महिन्यात सुरू झाला, तर दार उघडेल त्या दिवशी माणसे तयार असतील.

महाराष्ट्राच्या अनुभवाचाही येथे उपयोग आहे. अंगमेहनतीच्या कामगारांसाठी १९६९ चा माथाडी कायदा करणारे महाराष्ट्र हे अग्रणी राज्य. अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले, तर डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली. माथाडी मंडळांच्या कारभारावर पुढे टीकाही झाली. तथापि ओझे वाहणारा माणूस हा नोंद असलेला, भविष्य निर्वाह निधी असलेला कामगार आहे, हे तत्त्व त्यातून रुजले. नव्या लॉजिस्टिक पार्कांनी ठेकेदारामार्फत माणसे घेताना ते विसरू नये.

स्त्रिया : न मोजलेले निम्मे बळ

२०११ च्या जनगणनेनुसार छत्तीसगडात दर हजार पुरुषांमागे ९९१ स्त्रिया आहेत. रोवणीपासून बांधकामापर्यंत त्या पुरुषांच्या बरोबरीने राबतात. साक्षरतेत मात्र अंतर आहे. पुरुषांमध्ये सुमारे ८० टक्के, तर स्त्रियांमध्ये सुमारे ६० टक्के. तरीही त्या वेळी शाळेत असलेल्या मुली आज तरुण आहेत आणि वेष्टन, मोजणी, तपासणी, नोंद अशा कामांसाठी त्या सर्वथा योग्य आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनुसार संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था असल्यास स्त्रियांना रात्रपाळीतही काम देता येते. व्यवहारात प्रश्न कायद्याचा कमी आणि बसगाडी, स्वच्छतागृह व पाळणाघर यांचा अधिक असतो. कोट्यवधींच्या प्रकल्पात या तीन गोष्टींचा खर्च किरकोळ ठरतो, पण तो आराखड्यातच असावा लागतो.

बाहेरची माणसे आणि भूमिपुत्र

काही उद्योजक म्हणतात की एवढी यातायात कशाला. ठेकेदार बाहेरून माणसे आणून देतो. हा युक्तिवाद अगदीच चुकीचा नाही. कामासाठी गाव सोडणे हा प्रत्येक नागरिकाचा अधिकार आहे. रायपूरमधील अनेक मराठी घरांचा इतिहासही नोकरी-व्यवसायानिमित्त झालेल्या स्थलांतराचाच आहे. स्थानिकांना कायद्याने राखीव जागा देण्याचा हरियाणाचा प्रयत्न उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द ठरवला. तेव्हा सक्ती हा मार्ग नव्हे.

परंतु हिशेबाच्या दृष्टीनेही बाहेरची माणसे स्वस्त पडतातच असे नाही. त्यांच्या निवासाची सोय, ठेकेदाराचे कमिशन, सणावाराला एकाच वेळी रिकामी होणारी गोदामे आणि दर वेळी नव्याने शिकवण्याचा खर्च जमेस धरावा लागतो. शिवाय जमिनीचा प्रश्न आहे. नवा रायपूरच्या उभारणीत ज्या गावांच्या जमिनी गेल्या, तेथील शेतकऱ्यांनी जानेवारी २०२२ मध्ये दीर्घकाळ आंदोलन केले. पुनर्वसन आणि रोजगार हे त्यातील प्रमुख मुद्दे होते. नागपूरच्या मिहानमध्येही प्रकल्पग्रस्तांच्या रोजगाराचा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत राहिला. जो प्रकल्प शेजाऱ्याला परका वाटतो, त्याच्या दारात तणाव असतो आणि तणावाची किंमत शेवटी परतफेडीच्या वेळापत्रकालाही मोजावी लागते.

बँकेची भूमिका

येथेच बँकेचा संबंध येतो. गोदाम ओस पडले किंवा माणसांअभावी अर्ध्या क्षमतेने चालले, तर भाडे घटते आणि कर्ज अडचणीत येते. म्हणून कर्ज प्रस्तावाच्या छाननीत मनुष्यबळाला एका वाक्याऐवजी निदान एक पान मिळावे. कोणत्या कामाला किती माणसे, कोणत्या महिन्यात, किती अंतरावरून, कोणत्या पगारावर. त्यांपैकी आज तयार किती, प्रशिक्षणाने तयार होणारी किती आणि ते प्रशिक्षण कोण, केव्हा देणार, हे प्रश्न विचारले जावेत. उत्तरे अचूक नसली तरी प्रश्न विचारले गेल्याने उद्योजक विचार करू लागतो, हाही लाभच.

शाखांना हे काम अवघड नाही. गावातील बचत गट, जनधन खातेदार, पीक कर्जदार यांच्याशी शाखेचा रोजचा संबंध असतो. छत्तीसगडात ‘बिहान’ योजनेतून उभे राहिलेले महिलांचे गट हे माहितीचे उत्तम स्रोत आहेत. बँकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांनी परिसरातील गोदामांची गरज लक्षात घेऊन अभ्यासक्रम आखावेत. मालवाहू वाहन घेऊ इच्छिणाऱ्या तरुणास मुद्रा कर्ज, पार्कबाहेर खानावळ काढणाऱ्या गटास अर्थसाहाय्य, गोदाम पावतीवर शेतकऱ्यास कर्ज अशा अनेक वाटा एका पार्कभोवती निर्माण होऊ शकतात. मजुरी थेट खात्यात जमा होऊ लागली म्हणजे त्या कामगाराची पत तयार होते आणि उद्याचा कर्जदार आजच घडू लागतो.

लोहमार्ग, महामार्ग आणि जमीन यांच्या बाबतीत रायपूरला भूगोलाने भरभरून दिले आहे. गोदामांच्या भिंती उभ्या राहतीलच. त्यांच्या आत काम करणारी माणसे शेजारच्या गावांतून यावीत, असे वाटत असेल तर त्यांची मोजणी, त्यांचे प्रशिक्षण आणि त्यांच्या ये-जा करण्याची सोय यांना पायाभरणीचाच भाग मानले पाहिजे. उद्योजक, शासन आणि बँक या तिघांनी ही जबाबदारी आरंभापासून वाटून घेतल्यास पार्कही चालेल आणि गावही सावरेल.